अठराव्या वाढदिवसाचा डिस्चार्ज

गेल्या आठवड्यात संध्याकाळच्या ओपीडीत एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) भुवईवर चार टाके, जीभ एका बाजूने चावलेली, शर्टाच्या कॉलरवर वाळलेलं रक्त. पहाटे हॉटेलात भांडी घासताना फिट आली आणि तो ओट्याच्या कडेवर आपटला. टाके सरकारी रुग्णालयात घालून झाले होते. मी त्याचा जुना केसपेपर काढला. चार महिन्यांपूर्वी माझ्याच अक्षरात त्यावर लिहिलेलं होतं : ‘गोळ्या नियमित घेत नाही. समज दिली.’

समज दिली! काय समज दिली होती कोण जाणे. या वेळी मात्र मी त्याला एक साधा प्रश्न विचारला, जो मी चार महिन्यांपूर्वीच विचारायला हवा होता. राहतोस कुठे?

‘हॉटेलातच, सर.’ रात्री साडेबाराला शेवटचं गिऱ्हाईक गेलं की टेबलं जोडून झोपायचं, पहाटे पाचला दूधवाल्याने शटर वाजवलं की उठायचं. गोळ्या कुठे ठेवतोस? गल्ल्याच्या खालच्या खणात, कारण बाहेर ठेवल्या तर बाकीची पोरं विचारणार कसल्या आहेत म्हणून, आणि मालकाला फिटचं कळलं तर तो कामावरून काढणार. रात्री मालक गल्ल्याला कुलूप लावून किल्ली घरी नेतो. म्हणजे रात्रीची गोळी कुलपात. रोज.

वाचकहो, अपस्माराच्या रुग्णाला फिट यायला दोन कारणं पुरतात : चुकलेला डोस आणि अपुरी झोप. हे आम्ही प्रत्येक रुग्णाला सांगतो, मीही त्याला सांगितलं होतं. या मुलाच्या आयुष्यात ही दोन्ही कारणं त्याच्या पत्त्यातच होती. मी गोळी लिहून दिली, पण ती ठेवायला जागा आणि घ्यायला वेळ त्याच्याकडे आहे का, हे पाहिलं नाही. आणि दोष मात्र त्याच्या नावावर लिहून मोकळा झालो.

हा मुलगा सातव्या वर्षापासून बालगृहात वाढला. तिथे सलग तीन वर्षं त्याला एकही फिट आली नव्हती, कारण रात्री आठला संस्थेतल्या काकू समोर उभं करून गोळी द्यायच्या. अठरा पूर्ण झाल्यावर तो बाहेर पडला तेव्हा त्याच्याजवळ कपड्यांची एक बॅग, शाळा सोडल्याचा दाखला, संस्थेच्या पत्त्याचं आधार कार्ड आणि दहा दिवसांच्या गोळ्या होत्या. आजार कधी सुरू झाला, कोणतं औषध कधी बदललं, ईईजी केव्हा काढला, याचा एकही कागद नव्हता. आम्ही दोन दिवसांच्या जुलाबाच्या रुग्णालाही डिस्चार्ज कार्ड देतो!

आता यावर नेहमीचं उत्तर येईल, की सरकारने सोय केलेली आहे. केलेली आहेच, आणि माझं भांडण त्या सोयीच्या शब्दांशीच आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ यात कलम ४६ आहे. अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात सामावून घेण्यासाठी आर्थिक साहाय्य ‘देता येईल’, असं ते म्हणतं. देता येईल. दिलं पाहिजे, असं नाही. याला आपल्याकडे अनुरक्षण म्हणतात. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत ते बरंच सविस्तर मांडलेलं आहे : बाल कल्याण समितीच्या आदेशाने एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं आधार, सहा ते आठ जणांच्या गटाला तात्पुरतं एकत्र घर, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, समुपदेशक, व्यवसायासाठी कर्ज, आणि बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी प्रत्येक मुलाची लेखी योजना. कागदावर यात फारसं काही सुचवायला नको. सहा-आठ पोरांचं घर ही तर मला कोणत्याही मोठ्या वसतिगृहापेक्षा शहाणपणाची गोष्ट वाटते. पण ज्याला आदेश मिळाला त्याला सगळं, आणि ज्याच्यासाठी कुणी अर्जच केला नाही त्याला हॉटेलातली टेबलं. अर्ज करायचा असतो, हे या मुलाला मी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं.

राज्यात अनुरक्षणगृहं आहेत, पण मोजकी, प्रत्येक जिल्ह्यात नाहीत. मिशन वात्सल्यच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुरक्षणासाठी दरमहा ४००० रुपये धरलेले आहेत. पूर्वीपेक्षा ही रक्कम वाढली, हे मान्य. आता हिशेब करा. आमच्या भागात कॉट बेसिसवर एक पलंग तीन-साडेतीन हजारांच्या खाली मिळत नाही. वर एक-दोन महिन्यांचं डिपॉझिट. दोन वेळची मेस जवळपास तेवढ्याच पैशांत. म्हणजे ४००० रुपयांत एकतर झोपता येतं किंवा जेवता येतं. आणि डिपॉझिट? ते कोण भरणार, हे मला कुठल्याही कागदात सापडलं नाही. सुस्थितीतला बाप मुलाला पुण्यात शिकायला पाठवतो तेव्हा पहिल्या महिन्यात हात कुठे सैल सोडावा लागतो, हे प्रत्येक बापाला ठाऊक आहे.

दुसरं उत्तर येतं ते जास्त चीड आणणारं. ‘किती दिवस पोसायचं? सवय लागेल. स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकलं पाहिजे.’ हे सांगणारे बहुतेक लोक माझ्याच वयाचे असतात आणि त्यांची सव्वीस वर्षांची, पगारदार मुलं त्यांच्याच घरी राहून आईला ‘माझा टॉवेल कुठे आहे’ असं विचारत असतात. त्यांना कुणी परावलंबी म्हणत नाही. त्याला आपण संस्कारी कुटुंब म्हणतो.

एक वैद्यकीय उदाहरण देतो. काही आजारांत रुग्णाला महिनोन्‌महिने स्टिरॉइड द्यावं लागतं. बाहेरून औषध मिळत राहिलं की शरीरातल्या ॲड्रिनल ग्रंथी आपलं स्वतःचं काम थांबवतात, झोपी जातात म्हणा. अशा रुग्णाचं स्टिरॉइड एका दिवसात बंद केलं तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस दगावूही शकतो. म्हणून आम्ही डोस हळूहळू उतरवत नेतो आणि ग्रंथींना जागं व्हायला वेळ देतो. कुणीही शहाणा माणूस याला औषधाचे लाड म्हणत नाही. उलट एका दिवसात बंद करणाऱ्या डॉक्टरला हलगर्जी ठरवतात, आणि योग्यच करतात.

बालगृहातलं आयुष्य घंटेवर चालतं. उठायची घंटा, जेवायची घंटा, अभ्यासाची घंटा. दहा-अकरा वर्षं मुलाने कधी भाजी विकत आणलेली नसते, गॅसचा नंबर लावलेला नसतो, पाच रुपये शिल्लक ठेवून दुसऱ्या दिवशी काढलेले नसतात. हा त्याचा दोष नाही, संस्था चालवायची तर घंटा लागतेच. पण स्वतः ठरवण्याची जी ग्रंथी आपण इतकी वर्षं झोपवून ठेवली, ती वाढदिवसाच्या सकाळी आपोआप जागी होईल, अशी अपेक्षा कोणत्या शास्त्रात बसते? ताबा, नियोजन, पुढचा विचार यांचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. हे सरकारलाही ठाऊक असावं. कारण मुलग्याचं लग्न कायद्याने एकविसाव्या वर्षाआधी होत नाही, आणि महाराष्ट्रात कडक दारू पिण्याचा परवाना पंचविसाव्या वर्षाआधी मिळत नाही. चोवीस वर्षांच्या तरुणाला एका पेगचा निर्णय झेपणार नाही म्हणणारं राज्य अठरा वर्षांच्या अनाथ पोराला सांगतं, की भाडं, नोकरी, औषधं, मित्र, पोलीस, आजारपण सगळं तुझं तू बघ.

त्यात या मुलांची सुरुवातही सारखी नसते. फेलिटी आणि अँडा यांचा १९९८ चा अमेरिकेतला प्रसिद्ध अभ्यास आहे. बालपणी मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन, आई-बापांची ताटातूट अशा जितक्या जास्त घटना वाट्याला आल्या, तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न, इतकंच काय हृदयविकार आणि फुप्फुसांचे आजारही जास्त, असं त्यात दिसलं. म्हणजे ज्यांना सर्वात जास्त आधार लागणार, त्यांचाच आपण सर्वात लवकर काढून घेतो.

‘पण बरीचशी मुलं नातेवाइकांकडे जातात,’ असंही सांगितलं जातं. जातात. बालगृहातली सगळी मुलं अनाथ नसतात, अनेकांची आई किंवा बाप हयात असतो. गरिबी, दारू, दुसरं लग्न यांमुळे मूल संस्थेत आलेलं असतं. दहा वर्षांत ज्या मामाने दोनदा तोंड दाखवलं, त्याच्या एका खोलीत अठरा वर्षांचा भाचा पाठवला की कागदावर पुनर्वसन होतं. सहा महिन्यांनी तो तिथे आहे का, हे कोण विचारतं? माझ्या या रुग्णाचंही असंच झालं होतं. मामी नऊ दिवसांत कंटाळली. तिलाही मी दोष देत नाही, तिची स्वतःची तीन मुलं त्याच खोलीत झोपत होती.

मुलींच्या बाबतीत आपण आणखी एक सोपा उपाय काढलेला आहे : लग्न. संस्थेतल्या मुलींची लग्नं लावून देण्याचा सोहळा होतो, मान्यवर येतात, संसाराची भांडी देतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. ज्या मुलींना खरंच लग्न करायचं आहे त्यांनी आनंदाने करावं. पण एकोणीस वर्षांच्या मुलीपुढे एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला स्थळ ठेवायचं आणि तिने होकार दिला म्हणायचं, हा होकार नव्हे. अशा दोन मुली माझ्याकडे गरोदरपणातल्या रक्तक्षयासाठी येऊन गेल्या. त्यातली एक मारहाणीबद्दल बोलली, आणि लगेच म्हणाली, ‘सर, कुणाला सांगू नका. मला माहेर नाही.’ माहेर म्हणजे परत येण्याची जागा. अनुरक्षणाचा अर्थ माझ्या मते तोच आहे, आणि तो मुलग्यांनाही लागतो.

आता आपल्यासारख्या भल्या माणसांकडे वळू. आपल्याला लहान अनाथ मूल आवडतं. बाबांच्या पुण्यतिथीला बालगृहात गोड जेवण, मुलाच्या वाढदिवसाला तिथे केक, दिवाळीला फराळ आणि कपडे. मीही देत आलो आहे. (एका दिवाळीत एका बालगृहाच्या कोठीत मी चिवड्याचे इतके डबे पाहिले की तिथल्या काकू हताश होऊन म्हणाल्या, डॉक्टर, होळीपर्यंत पुरेल.) तेच मूल अठराचं होऊन, मिसरूड फुटून, आपल्या सोसायटीत खोली मागायला आलं की आपला नियम असतो : बॅचलर नको. कुटुंब पाहिजे. मूळ गावचा पत्ता पाहिजे. आई-वडिलांचा नंबर पाहिजे. भाडेकराराला दोन साक्षीदार लागतात आणि त्या मुलाला या शहरात ओळखणारी दोन मोठी माणसं नसतात. सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा एक सद्गृहस्थ म्हणाले, ‘अशा मुलांचं बॅकग्राउंड माहीत नसतं.’ त्यांनीच वडिलांच्या पुण्यतिथीला त्याच संस्थेत शंभर पानं वाढली होती. त्या वेळी बॅकग्राउंड चाललं.

आणि आम्ही डॉक्टर. आमच्या केसपेपरवर पत्त्याचा रकाना असतो, तो आम्ही रिसेप्शनिस्टवर सोपवतो. खरं तर तो तपासणीचा भाग आहे. खरजेचं उदाहरण घ्या. एका खोलीत दहा पोरं झोपतात, एक जण येतो, मी त्याला पर्मेथ्रिन देतो, तीन आठवड्यांनी तो पुन्हा खाजवत येतो. खोलीतल्या दहाही जणांना एकाच वेळी औषध आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात, याशिवाय खरूज जात नाही. दहा जणांना एका बादलीत पाणी मिळत असेल तर कुठलं गरम पाणी! क्षयरोगाचंही तसंच. कमीत कमी सहा महिन्यांची औषधं घ्यायची, त्यात मुलगा तीनदा जागा बदलतो, आणि आमच्या नोंदवहीत त्याच्यापुढे ‘उपचार सोडून गेला’ असा शेरा पडतो. टाइप १ मधुमेहाच्या मुलाला इन्सुलिनच्या नव्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायच्या असतात. कॉट बेसिसवरच्या खोलीत फ्रिज असलाच तर तो मालकाचा.

योजनांचंही बघा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत शासकीय अनाथाश्रमातली मुलं वेगळा गट म्हणून धरलेली आहेत, रेशन कार्डाची अट त्यांना आड येत नाही. बाहेर पडला की तो गट संपला. आता योजना सगळ्यांना खुली आहे, पण रुग्णालयातली खिडकी रेशन कार्ड किंवा अधिवास प्रमाणपत्र मागते. दोन्हींना पत्त्याचा पुरावा लागतो, आणि पत्ता म्हणजे हॉटेलचं शटर. २०१८ साली महाराष्ट्राने अनाथांना नोकरी आणि शिक्षणात १ टक्का आरक्षण दिलं, हे मोठं काम झालं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्यासाठी लागणारं अनाथ प्रमाणपत्र संस्थेत असतानाच हातात पडलं पाहिजे. नंतर दिवसाची मजुरी बुडवून कार्यालयात खेपा घालणं ज्याला परवडतं, त्याला बहुधा आरक्षणाची तितकी गरज नसते.

सगळ्यात घातक गोष्ट मला कोणती वाटते सांगू? झोपायची जागा नोकरीला बांधलेली असणं. हॉटेल, बेकरी, वॉचमनची केबिन, बांधकामावरची खोली. ‘राहून-खाऊन’ नोकरी ही या मुलांना देणगी वाटते आणि संस्थांनाही वाटते, कारण एका फटक्यात दोन प्रश्न सुटतात. पण ज्या दिवशी नोकरी जाते त्याच रात्री घर जातं. मग तो मालकाला पगार मागत नाही, चौदा तास काम केलं तरी बोलत नाही, आजार लपवतो, गोळ्या गल्ल्याखाली ठेवतो. माझ्या रुग्णाची फिट या वेळी मालकाने पाहिली. दुसऱ्या दिवशी हिशेब करून दिला. मालक वाईट माणूस नाही, दवाखान्यात पैसे त्यानेच पाठवले होते. भट्टीजवळ फिट आली असती तर काय, हा त्याचा प्रश्नही बरोबर आहे. भट्टीजवळ त्याने काम करूच नये, हे मीच लिहून देईन. पण या एका रास्त निर्णयाने मुलगा रस्त्यावर आला, कारण त्याचं अंथरूण त्या निर्णयाला बांधलेलं होतं.

न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने रस्त्यावरच्या मानसिक रुग्णांसाठी उलटा क्रम लावला. आधी सुधारा मग घर देऊ, असं न म्हणता आधी घर दिलं आणि उपचार मागून सुरू ठेवले. लोक घरात टिकले. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं. इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने संस्थेतून किंवा पालक कुटुंबातून बाहेर पडणाऱ्या मुलाची लेखी योजना करणं स्थानिक प्रशासनाचं कर्तव्य ठरलं, आणि २०१७ च्या कायद्याने पंचविसाव्या वर्षापर्यंत त्याला सल्लागार मागता येतो. तिथेही या मुलांमधली अनेक बेघर होतातच, तो काही स्वर्ग नाही. पण तिथे मूल बेघर झालं तर कोण चुकलं, हे विचारता येतं. आपल्याकडे ‘देता येईल’ या शब्दांमुळे कुणीच चुकलेलं नसतं.

म्हणून मला हवं आहे ते असं. अनुरक्षण ही कृपा न राहता हक्क व्हावा. ज्याला नको त्याने लिहून द्यावं, ज्याला हवं त्याला अर्ज करायला लागू नये. योजना शेवटच्या दोन महिन्यांत न करता सोळाव्या वर्षी सुरू करावी, म्हणजे मुलाने संस्थेत असतानाच आठवड्यातून दोनदा बाजार करावा, आपलं बँक खातं आपण चालवावं, आपल्या गोळ्या आपण घ्याव्यात आणि काकूंनी फक्त मोजाव्यात. चुका तिथे होऊ द्याव्यात, जिथे चुकल्यावर जेवण बंद होत नाही. शेवटच्या वर्षी डोस उतरवत आणावा. आणि डिपॉझिटसाठी वेगळी रक्कम असावी, जी खोली सोडल्यावर परत जमा होईल. आपल्या गोड जेवणांचे पैसे तिथे वळवले तरी बरंच भागेल, असा माझा अंदाज आहे.

सध्या तो मुलगा आमच्या कंपाउंडरच्या ओळखीच्या एका घरात, माडीवरच्या खोलीत आणखी दोघांबरोबर राहतो. करारावर साक्षीदार म्हणून मी आणि कंपाउंडरने सह्या केल्या. औषधाचे डोस सकाळी सात आणि रात्री नऊ असे ठरवले आहेत, काम पाहतोय तेही दिवसपाळीचंच. बाल कल्याण समितीकडे अनुरक्षणाचा अर्ज गेला आहे. अजून उत्तर नाही.

हे वाचणाऱ्यांत बालगृहाचे अधीक्षक किंवा कर्मचारी असतील तर त्यांना विनंती. तुमच्याकडे सतरा पूर्ण झालेली आणि फिट, दमा, मधुमेह, सिकलसेल, एचआयव्ही, थायरॉइड किंवा मानसिक आजाराची औषधं सुरू असलेली मुलं-मुली असतील, तर त्यांचे सगळे जुने कागद घेऊन त्यांना माझ्याकडे पाठवा. प्रत्येकाचा एक-दोन पानी मराठीत वैद्यकीय गोषवारा करून देईन : आजार, औषध, डोस, काय झालं तर कुठे जायचं. लॅमिनेशन करून देऊ. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते चार. फी नाही.